राघूची पट्टी: मॉरिशसच्या एका कुटुंबाचं गाव शोधताना

मी महसूल खात्यातून निवृत्त झालेला माणूस. तलाठी म्हणून लागलो, मंडळ अधिकारी म्हणून बाहेर पडलो. नोकरीची सगळी वर्षं कळंब, वाशी, भूम या पट्ट्यातच गेली. मोडी हौसेने शिकलो होतो, पण २०२३ नंतर त्या हौसेला एकदम भाव आला. कुणबी नोंदी तपासायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, अभिलेख कक्षांचे दरवाजे उघडले आणि मोडी वाचणारा माणूस दिसला की लोक चहा पाजल्याशिवाय सोडेनात. माझं नाव मॉरिशसपर्यंत पोचलं ते याच गडबडीतून.

ज्या बाईंनी संपर्क केला त्या तिकडे शाळेत मराठी शिकवतात. मराठी शुद्ध, पण पुस्तकातली. 'आपण माझ्या पूर्वजांचे ग्राम शोधून द्याल का?' असा पहिला निरोप आला. त्यांचं किंवा गावाचं नाव इथे देणार नाही. मूळ पुरुषाचं नाव बदलून 'राघू' करतो, कारण प्रकरणाचा निम्मा गुंता त्या नावातच आहे. खरं नाव असंच आहे, दोन अक्षरी आणि गावोगाव सापडणारं.

बाईंचं आडनाव म्हणजे या राघूचंच पहिलं नाव. मॉरिशसमध्ये हे सर्रास दिसतं. जहाजातून उतरलेल्या माणसाला कारकुनाने नाव विचारलं, त्याने 'राघू' सांगितलं, कारकुनाने कानाला आलं तसं लिहिलं. पुढे पोराच्या जन्मनोंदीत तेच आडनाव होऊन बसलं. त्यामुळे आडनावावरून इकडे भावकी शोधायला निघणं व्यर्थ. जे आडनाव घेऊन लोक शोधायला येतात, ते इथून गेलेलंच नसतं.

बाईंच्या घरात पक्की समजूत होती की आपण कोकणातले. मॉरिशसच्या मराठी लोकांत हीच समजूत सर्वसाधारण आहे आणि ती उगाच नाही. मुंबई बंदरातून गेलेल्या मजुरांत रत्नागिरीकडचे बरेच होते. काही वर्षांपूर्वी हे कुटुंब रत्नागिरीला जाऊनही आलं होतं. एका मध्यस्थाने त्यांना चिऱ्याचं एक घर दाखवलं, नारळ फोडायला लावला, पैसे घेतले. बाईंच्या वडिलांनी त्या घराच्या उंबऱ्यावर डोकं टेकवल्याचा फोटो आहे. तो पाहिला तेव्हा मी ठरवलं, या प्रकरणात 'असेल' आणि 'आहे' यांची गल्लत होऊ द्यायची नाही.

रजिस्टरची ओळ

मॉरिशसमध्ये भारतातून करारावर मजूर नेणं १८३४ मध्ये सुरू झालं आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत चाललं. जवळजवळ पाच लाख माणसं गेली. कलकत्ता आणि मद्रासच्या मानाने मुंबईहून गेलेले थोडेच. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर ते उतरले तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा आहे. उतरलेल्या प्रत्येकाला क्रमांक मिळे आणि रजिस्टरमध्ये एक ओळ: नाव, बापाचं नाव, वय, जात, उंची, अंगावरची खूण, जिल्हा, परगणा, गाव. ही रजिस्टरं आज मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आहेत. क्रमांक हाती असला तर अर्धं काम झालं. तो नसेल तर नुसत्या 'राघू'वर शोधणं म्हणजे पंढरीच्या वारीत विठ्ठल नावाचा माणूस शोधणं.

बाईंनी क्रमांक योग्य वाटेने काढला होता. स्वतःपासून मागे जात आईबापांचे, आजोबांचे, पणजोबांचे जन्मदाखले मिळवले. मजुराच्या पोराच्या जन्मनोंदीत आईबापांचे क्रमांक लिहिलेले असतात. तसे दोन मिळाले, एक राघूचा आणि एक त्याच्या बायकोचा. सोबत राघूचा एक फोटोही घरात होता. करार संपलेल्या मजुरानेही फोटो लावलेलं तिकीट जवळ बाळगावं, असा कायदा १८६७ मध्ये झाला, त्या तिकिटावरचा. डोक्याला मुंडासं, गालफडं बसलेली, नजर सरळ कॅमेऱ्यात. त्याच सुमारास बेटावर हिवतापाची मोठी साथ होती आणि हजारोंनी माणसं मेली. हा तरला.

बायकोच्या ओळीत जिल्हा होता रत्नागिरी. म्हणजे घरातली कोकणाची कहाणी खोटी नव्हती, ती आजीकडून आली होती. राघूची ओळ मात्र वेगळंच सांगत होती. आगमन मे १८५९, वय चोवीस, उंची पाच फूट तीन इंच, डाव्या नडगीवर वण. बापाचं नाव 'बापू'. जिल्हा 'शोलापूर', परगणा 'बारसी', गाव 'वारमाला'.

बाईंनी इंटरनेटवर वारमाला शोधलं होतं आणि नाना ठिकाणची नाना गावं काढून ठेवली होती. मी त्यांना एवढंच कळवलं, की हा टाइप केलेला उतारा बाजूला ठेवा आणि मूळ पानाचा फोटो मिळवा. तो यायला दोन महिने लागले.

फोटो मोठा करून पाहिला. ज्याला टाइप करणाऱ्याने 'डब्ल्यू' वाचलं होतं ते अक्षर मला खटकलं. त्याच पानावर चार ओळी खाली, त्याच हातचं, 'येसू' असं एक नाव होतं. त्यातला 'वाय' आणि राघूच्या गावाचं पहिलं अक्षर शेजारी शेजारी ठेवून पाहिलं. डावीकडचा आकडा सारखा, खाली ओढलेली शेपटी सारखीच उजवीकडे वळलेली. राघूच्या ओळीत मात्र शेपटीवर खालच्या ओळीतल्या अक्षराची उभी रेघ चढली होती, म्हणून ती दिसेना. वाय, ए, आर, एम, ए, डबल एल, ए. यारमल्ला. मोठ्याने म्हटलं आणि बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "येरमाळ्याला कशाला निघालाव?"

जिल्हा सोलापूर, मग मराठवाडा कसा?

येरमाळा कळंब तालुक्यात, म्हणजे धाराशिव जिल्ह्यात, जुन्या निजाम राज्यात. बार्शी सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात. मग रजिस्टरात ही खिचडी कशी झाली?

दोन उत्तरं संभवतात. एक अगदी साधं. मजुराला विचारलं, कुठला? तो भरतीच्या जागेचं किंवा बाजाराच्या गावाचं नाव सांगतो. या भागाची पेठ तेव्हाही बार्शी होती, आजही आहे. आमच्याकडे अजून कांदा आणि लग्नाचा बस्ता दोन्ही बार्शीलाच जातात. परगणा 'बारसी' लिहिला की कारकून जिल्हा आपोआप सोलापूर लिहिणार.

दुसरं उत्तर पुष्कळांना ठाऊक नसतं. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाडाबरोबर धाराशिवचा भाग आणि रायचूर दुआबही इंग्रजांच्या ताब्यात दिला होता. १८६० मध्ये धाराशिव आणि रायचूर परत मिळाले, वऱ्हाड राहिला. राघू गेला १८५९ मध्ये, म्हणजे तो गाव सोडत असताना त्याच्या शिवारावर कंपनीचा आणि मग राणीचा अंमल होता. निजामाची रयत म्हणून त्याची वेगळी नोंद होण्याचं कारणच नव्हतं. दोन्हींपैकी कुठलं खरं हे सांगता येत नाही, बहुधा दोन्ही थोडी थोडी. पण 'सोलापूर लिहिलंय म्हणजे मराठवाडा नाही' हा आक्षेप टिकत नाही.

त्याच पानावर राघूच्या आगेमागे तीन क्रमांक 'बारसी' परगण्याचे आहेत. चौघे एकत्र गेले असणार. आमच्या भागात याला टोळी म्हणतात. दिवाळी झाली की वाशी, भूम, कळंबहून आजही ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादम उचल देतो, नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो, खाडा पडला की पैसे कापतात. मॉरिशसच्या मळ्यावरही ऊसच होता. गड्याला महिना पाच रुपये आणि वर तांदूळ-डाळ. गैरहजेरीला तिकडचा कायदा 'दुहेरी कपात' म्हणे, एक दिवस चुकला की दोन दिवसांचा रोज जाई. मळ्यावरच्या मुकादमाला तिकडे सरदार म्हणत आणि मळेवाले अशा सरदारांना परत हिंदुस्थानात पाठवून त्यांच्याच मुलखातली माणसं जमवत. बाईंना हे सगळं फोनवर सांगताना मी मधेच थांबलो, कारण त्या म्हणाल्या, "सर, तुम्ही १८५९ चे सांगता आहात की आताचे?"

गेला कसा असेल? १८५९ च्या सुरुवातीला रेल्वे अजून बार्शी रोडला, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीला, पोचायची होती. बोरघाटातून गाडी सुरू झाली १८६३ मध्ये. तेव्हा निदान पुण्याच्या अलीकडचा बराच पल्ला आणि पुढे घाट पायीच. आला नाही तो का आला नाही, यालाही एक रुक्ष कारण आहे. करारातली फुकट परतीची सोय १८५० च्या दशकाच्या सुरुवातीलाच काढून टाकली होती.

रुमाल

मुंबईच्या पुराभिलेखागारात एक आठवडा घालवला. एलफिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत जनरल डिपार्टमेंटचे खंड आहेत, त्यात स्थलांतराचा पत्रव्यवहार आहे. जहाजं, डॉक्टर, पाण्याची पिंपं, किती पुरुष, किती बायका. माणसांची नावं मला सापडली नाहीत. आठवडा वाया गेला असं म्हणणार नाही, पण राघूच्या कामाचा तो नव्हता.

आता इकडचे कागद. आमच्या भागात कुणीही 'जुनं रेकॉर्ड' म्हणालं की लोक १९५४-५५ चं खासरा पत्रक, म्हणजे जमिनीची नोंद, काढतात. राघूच्या दृष्टीने ते कालचं. त्याआधीची निजामी मोजणी आणि साऱ्याचा बंदोबस्त घ्यावा, तर निजामाचा दिवाण सालारजंग याची जिल्हाबंदी, म्हणजे जिल्ह्यांची आखणीच, १८६५ ची. मोजणी त्यानंतर आली. १८५९ चा सरकारी कागद गाव पातळीवर हवा असेल तर एकच आशा, कुलकर्ण्याचं घरचं दप्तर.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. 'येरमाळा' म्हणजे येरमाळाच, असं धरून चालत नाही. परमुलखात आपण मोठ्या गावाचं नाव सांगतो. पुण्यात कळंबचा माणूससुद्धा 'लातूरकडचा' म्हणून मोकळा होतो. म्हणून येरमाळा धरून भोवतालची बारा गावं-वाड्या मी यादीत घेतल्या, जिथला माणूस लांब गेल्यावर येरमाळाच सांगेल. बारापैकी तीन गावांत जुन्या पाटवाऱ्यांच्या घरी कागद उरले होते. बाकी नऊ ठिकाणी वाळवीने खाल्ले, नदीत सोडले किंवा चुलीत गेले. म्हणजे माझा शोध मुळात बारापैकी तीन गावांतला आहे. पुढचं सगळं वाचताना हे विसरू नये.

दुसऱ्या गावी माळवदाच्या घरात, धान्याच्या कणगीमागे लाकडी पेटारा होता. त्यात सात रुमाल. लाल खादीच्या फडक्यांत बांधलेले, गाठी इतक्या जुन्या की सुईने सोडवाव्या लागल्या. उघडले तशी कसर पळाली. कागद जाड, हातबनावटीचा. आधी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शिरोरेघ ओढलेली आणि मग बोरू न उचलता खाली अक्षरं लटकवत नेलेली, शब्द कुठे संपतो ते वाचणाऱ्याने ठरवायचं.

तिसऱ्या रुमालात लावणीच्या, म्हणजे कुणी कुठली जमीन कसली त्याच्या, हिशेबात एक ओळ होती: 'राघो बिन सटवाजी' आणि पुढे, थोड्या फिक्या शाईत, 'परागंदा', त्याखाली 'पड', म्हणजे जमीन न पेरलेली. साल १२६९.

पेशवाई कागद वाचून वाचून मला सुहूर सनाची, म्हणजे त्या कागदांतल्या कालगणनेची, सवय. १२६९ मध्ये ५९९ मिळवले, १८६८ आलं. राघू तोवर नऊ वर्षं मॉरिशसमध्ये होता. मी रुमाल बांधला आणि घरी आलो. रात्री जेवताना लक्षात आलं, की हे महसुली कागद आहेत आणि आपण निजामाच्या मुलखात आहोत. हे साल फसली, म्हणजे सारावसुलीच्या कालगणनेतलं, असणार. फसलीत ५९० मिळवायचे. १२६९ म्हणजे जून १८५९ ते जून १८६०. राघू मे १८५९ ला बेटावर उतरला, त्या मृगात त्याची जमीन पेरली गेली नाही, कुलकर्ण्याने 'परागंदा' लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीने परत गेलो. शेजारच्या पानांवर इतर नोंदींशी ताळा घेतला, फसलीच निघालं.

परागंदा म्हणजे गाव सोडून गेलेला, ठावठिकाणा नाही असा. ही नोंद कुलकर्ण्याने प्रेमापोटी केलेली नाही. सारा थकला, तो का थकला याचा जबाब वर द्यायचा होता. राघूने जाण्याआधी बाकी चुकती केली असती तर आज त्याचं नाव कुठेच मिळालं नसतं.

तिसऱ्या गावातही एक राघो परागंदा होता, १२६८ मध्ये. पण १२७१ च्या कागदात त्याच्याच नावे पुन्हा लावणी आहे. परत आला, नांगर धरला. तो बाद.

राहिला बापाचा प्रश्न. रजिस्टर म्हणतं 'बापू', रुमाल म्हणतो 'सटवाजी'. रजिस्टरातलं 'बापू' मी नाव मानत नाही. आमच्याकडे बापाला कुणी नावाने हाक मारतं का? बापू, आबा, तात्या, दादा. चोवीस वर्षांच्या पोराला साहेबाने विचारलं, बापाचं नाव? त्याच्या तोंडून जे घरात म्हणतात तेच निघणार. हे समजावून सांगता येतं. पण समजावून सांगता येणं आणि सिद्ध होणं यात अंतर आहे, आणि ते मी बाईंना तसंच लिहिलं.

पांढरे खडे

कागदांचं चाललं असताना मी बाईंना एक वही भरायला सांगितलं होतं. घरात ज्या गोष्टी 'अशाच करतात', कारण ठाऊक नाही, त्या लिहा. लग्नातलं, बाळंतपणातलं, सणातलं. वीस-बावीस नोंदी आल्या. बऱ्याच निरुपयोगी. लग्नात पाच पानं बांधतात, हे सांगताना बाई उत्साहात होत्या, पण पंचपालवीचं देवक इतक्या घरांचं आहे की त्यावरून काहीच ठरत नाही. गणपती तर तिकडे सार्वजनिक सुट्टीचा दिवस आहे.

सतरावी नोंद अशी होती: 'आजी चैत्र पौर्णिमेनंतर आम्हा मुलांना समुद्रावर नेत असे. फ्लिक-आं-फ्लाकच्या किनाऱ्यावर प्रवाळाचे पांढरे लहान तुकडे वेचायचे, पायात चप्पल नसावी. घरी देवासमोर ढीग करायचा. विचारले तर आजी म्हणे, एराईचे आहेत.'

ही नोंद मी तीनदा वाचली.

येरमाळ्याची देवी येडेश्वरी. माणसं तिला येडाई म्हणतात. चैत्री पौर्णिमेला तिची मोठी यात्रा भरते. दुसऱ्या दिवशी पालखी डोंगरावरून आमराईकडे निघते आणि लाखो लोक शिवारात वाकून चुनखडीचे खडे वेचतात. काळी माती, त्यात पांढरे खडे. लहानपणी मीही आईच्या ओच्यात टाकलेत. बेटावर चुनखडीचं रान कुठलं? समुद्र पांढरे तुकडे आणून टाकत होता, त्यांवर भागवलं.

मग मीच माझ्याविरुद्ध वकिली केली. हा कुळाचार बायकांनी चालवलेला आणि राघूची बायको तर रत्नागिरीची. तिच्या माहेरचं काही असेल का? पण कोकणात अशी चुनखडी वेचण्याची रीत मला कुठे आढळली नाही, कोकणातल्या जाणत्यांना विचारलं, त्यांनाही माहीत नव्हती. शिवाय कुळाचार सासरचाच चालतो, हात मात्र बाईचे असतात. 'येडाई'तला ड तिकडच्या जिभेवर र झाला, हेही पटण्यासारखं. आणखी एक शंका उरते. येडाईचे भक्त दूरदूरचे आहेत, त्यामुळे खडे वेचणारा प्रत्येक जण येरमाळ्याचा नसतो. मात्र रजिस्टरमध्ये 'यारमल्ला' आणि घरात 'एराई', ही दोन टोकं एकमेकांशी न बोलता जुळतात. या प्रकरणातला सगळ्यात भक्कम धागा मी हाच धरतो.

गावात मी केलेली चूक

ज्या गावात राघो बिन सटवाजी मिळाला तिथे पहिल्यांदा गेलो तेव्हा काही न सांगता गेलो. जुना तलाठी म्हणून ओळख होतीच. पारावर चहा झाला, टँकरचं आणि सोयाबीनच्या भावाचं बोलणं झालं. एक आजी सुनेवर करवादत होत्या, "राघूच्या पट्टीत शेरडं शिरली, कुणाचं ध्यान हाय का?"

मी विचारलं, "आजी, हा राघू कोण?"

"काय की बाबा. पयल्यापासून राघूची पट्टीच म्हणतेत तिला."

सात-बाऱ्यावर अर्थातच असं काही नाही, तिथे गट क्रमांक आहे. पण शिवारातली नावं कागदापेक्षा चिवट असतात हे तीस वर्षं पाहिलेलं. वहीत तारीख-वेळ टाकून लिहून घेतलं. लगेच खाली दुसरी ओळ लिहिली: 'राघू म्हणजे पोपटही. ज्वारीत राघू बसतात म्हणूनही नाव पडलं असेल.' तेव्हा ती ओळ लिहून हात जरा जड झाला होता.

त्याच भेटीत मी सहज विचारलं, इथून कुणी पूर्वी परदेशी गेलं होतं का? एकमुखाने 'न्हाई'. एकाने सरळच विचारलं, "साहेब, कुणी जमिनीत हिस्सा मागायला आलंय का?" पिढ्यानपिढ्या वाटणीची भांडणं पाहिलेल्या गावात हा प्रश्न रास्त होता.

दुसऱ्या भेटीत भीती घालवावी म्हणून मी रजिस्टरच्या पानाची प्रत काढून सगळ्यांपुढे ठेवली. बघा, बाईंना जमीन नको, फक्त गाव हवंय. मी हिशेबात न धरलेली गोष्ट म्हणजे जातीचा रकाना. गावच्या शाळेत शिकलेल्या एका पोराने इंग्रजी अक्षरं लावत मोठ्याने वाचलं, "कु-न-बी."

पारावर शांतता झाली. मग एकदम गलका.

ओबीसीच्या दाखल्याला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. इथे १८५९ चा निघाला होता, तोही परदेशी सरकारच्या रजिस्टरमधला. आठवड्याभरात माझ्या घरी सात वंशावळी आल्या. सातही घरांत सटवाजी होता, सातही सटवाजींना राघू नावाचा धाकटा पोरगा होता, जो 'बोटीनं गेला'. एका गृहस्थांनी फोटोतल्या माणसाचं नाक आपल्या चुलत्याचं असल्याचं सांगितलं आणि चुलत्याला सोबत आणलं होतं. ज्याने हिस्स्याचं विचारलं होतं तोच म्हणाला, "बाई आमच्या आत्याच लागत्यात."

मला हसू आलं, आणि मग रागही, स्वतःचा. त्या रकान्यावर कागदाची पट्टी चिकटवली असती तरी पुरलं असतं. त्या दिवसानंतर त्या गावात सांगितलेली कुठलीही आठवण पुरावा म्हणून मी घेऊ शकत नाही. कदाचित त्या सातांपैकी एक खरी असेल. ती कोणती हे ओळखायची वाट मीच बुजवली. कामाची उरली ती पहिल्या भेटीतली आजींची एक ओळ, शेरडांवरून निघालेली.

लोकांना दोष देत नाही. ज्याच्या पोराची फी त्या दाखल्यावर अडली आहे त्याने हाती आलेला कागद सोडावा कसा? पण तो दाखल्याला चालतो का नाही हे ठरवणं माझं काम नाही, हे मी प्रत्येकाला दारातच सांगत होतो.

आज कुठे आहे

बाईंना पाठवलेल्या अहवालात मी असं लिहिलं. परिसर येरमाळ्याचा, याबद्दल मला शंका नाही. गाव राघो बिन सटवाजीचंच, असं मानायला बऱ्यापैकी आधार आहे, पण बारापैकी नऊ गावांचे कागद मी पाहू शकलो नाही. घर कोणतं, हे आज सांगता येत नाही. तुळजापूरच्या पुजाऱ्यांची चोपडीही पाहिली, त्यात त्या गावची नावं फार पुढची आहेत.

एक मार्ग उरतो तो रक्ताचा. सहाव्या पिढीत साध्या चाचणीत फारसं काही हाती लागत नाही, मात्र बापाकडून मुलाकडे जाणारी वाय गुणसूत्राची रेषा तपासता येते, दोन्हीकडे पुरुषांची सरळ साखळी असेल तर. बाईंचा चुलत भाऊ तयार आहे. इकडे सात घरांतून किमान तिघांचे नमुने हवेत. तिघेही आधी हो म्हणाले. मग चाचणीत नातं नाही असं निघालं तर काय, हा विचार कुणाच्या तरी डोक्यात आला आणि आता तिघेही 'विचार करून सांगतो' म्हणतात.

बाई गेल्या चैत्रात येऊन गेल्या. मी त्यांना कुठल्याही घरी नेलं नाही, कुणाच्याही उंबऱ्यावर डोकं टेकवू दिलं नाही. आमराईच्या वाटेवर गर्दीत सोडलं. चप्पल माझ्याकडे देऊन त्या खडे वेचायला वाकल्या. शेजारची एक म्हातारी त्यांना म्हणाली, "बारके घ्या, बारके. मोठे जड पडतेत." त्या म्हणाल्या, "आमची आजीही हेच म्हणायची." संध्याकाळी राघूच्या पट्टीवरून आम्ही गाडीने गेलो, थांबलो नाही. ज्वारी निघाली होती, नुसती धसकटं. त्यांनी काचेतून फोटो काढला आणि विचारलं, "सर, अहवालात 'शक्य' लिहिले आहे. ते तुम्ही बदलणार नाही ना?" मी नाही म्हटलं. "बरे," त्या म्हणाल्या, "रत्नागिरीच्या माणसाने पहिल्याच दिवशी 'नक्की' लिहून दिले होते."

परवा त्या गावच्या सरपंचांच्या पुतण्याचा फोन आला.

"काका, त्या मॉरिशसच्या कागदावर गोल शिक्का हाय का?"

"आहे. पण तो मॉरिशसचा आहे."

"असू द्या की," तो म्हणाला.